गिऱ्हाईकाच्या डांबरी आवारात तेल सांडले तर काय करावे?

आपल्यापैकी बहुतेकांचा माल टेम्पोने गिऱ्हाईकाच्या दारापर्यंत जातो. कुणी कापडाचे तागे पोहोचवतो, कुणी फर्निचर, कुणी खाद्यतेलाचे डबे. मोटार मेकॅनिक आणि जनरेटर दुरुस्त करणारे आपले कारागीर बंधू तर गिऱ्हाईकाच्या आवारातच काम करतात. माल मोजून दिला, पावतीवर सही घेतली की व्यवहार संपला असे आपण समजतो. टेम्पो निघून गेल्यावर मागे जमिनीवर काय राहिले, हे पाहण्याची सवय फार थोड्यांना आहे. आम्हालाही ती नव्हती. एका अनुभवाने ती लागली. तो अनुभव आणि त्यानंतर जाणकार मेकॅनिक व रस्त्याची कामे करणाऱ्यांकडून आम्ही जे शिकलो, ते येथे देत आहोत.

आमच्या टेम्पोच्या चेंबरच्या नटातून ऑईल ठिबकत होते. आम्हाला हे ठाऊक होते. परंतु रमजानची सीझन चालू होती, गाडी एक दिवसही उभी ठेवणे परवडत नव्हते, म्हणून काम ईदनंतर करू असे ठरवले. त्याच आठवड्यात एका जुन्या गिऱ्हाईकाच्या गोदामासमोर, नव्याने डांबर केलेल्या आवारात, टेम्पो तीन-चार तास उभा राहिला. माल उतरल्यावर ड्रायव्हरने पाहिले तर खाली परातीएवढा डाग. त्याने चांगल्या हेतूने डिझेल ओतले आणि चिंधीने पुसून घेतले. जागा सारखी काळी दिसू लागली. डाग गेला असे समजून तो निघून आला व कुणाला काही बोलला नाही.

दोन आठवड्यांनी गिऱ्हाईकाचा फोन आला. ती जागा मऊ पडली होती, खडी सुटू लागली होती, आणि ट्रकचे चाक तेथे वळल्यावर खड्डा झाला होता. ते म्हणाले, "शेठ, तेल कुणाच्याही गाडीतून सांडते. पण त्याच दिवशी सांगितले असते तर एवढे झाले नसते." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

डांबरावर तेलाचा परिणाम

डांबर कच्च्या खनिज तेलापासूनच निघते. तेल शुद्ध करताना पेट्रोल, रॉकेल, डिझेल वेगळे झाल्यावर तळाशी जो जड भाग उरतो, त्यापासून डांबर मिळते. म्हणजे डिझेल, ऑईल आणि डांबर एकाच घराण्यातले आहेत, आणि म्हणून ते एकमेकांत सहज मिसळतात. गरम मिश्रणाच्या डांबरी थरात वजनाने साधारण ५ टक्केच डांबर असते, बाकी सगळी खडी आणि भुकटी. ते थोडे डांबर खडी धरून ठेवते. तेल त्यात शिरले की डांबर पातळ होते, पकड सुटते आणि खडी मोकळी होते. कापडावरच्या डागाने कापड खराब दिसते, इथे मात्र तेल धागाच विरघळवते असे समजावे.

सगळ्या तेलांचा परिणाम सारखा नसतो. पेट्रोल डांबर लवकर विरघळवते, पण थोडे असेल तर उडून जाते. डिझेल सावकाश उडते, आत मुरून राहते, म्हणून त्याने नुकसान जास्त होते. इंजिन ऑईल व हायड्रॉलिक ऑईल जड असल्याने हळू शिरते. एखादा थेंब फार बिघडवत नाही, पण रोज त्याच जागी ठिबकले तर तेथे खड्डा ठरलेला. खाद्यतेलही निरुपद्रवी नाही, तेही डांबर मऊ करते. नवे डांबर जुन्यापेक्षा लवकर बिघडते. त्यात एप्रिल-मेचे ऊन असेल तर काळा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्या वर तापतो, डांबर आधीच नरम असते आणि तेल भराभर आत जाते.

सिमेंट काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉकच्या आवारात तेल मुरते व डाग पडतो, पण जमीन विरघळत नाही. आपण कशावर उभे आहोत हे आधी पाहावे.

पहिल्या तासात काय करावे

१. गळती थांबवावी. गाडीखाली पत्र्याचा ट्रे किंवा कापलेला डबा ठेवावा. ठिबकती गाडी आवारभर फिरवू नये. जवळ विडी-सिगारेट पेटवू देऊ नये.

२. तेल जास्त असेल तर कडेने कोरडी वाळू किंवा माती टाकून बांध घालावा. गटाराच्या बाजूला आधी घालावा.

३. मग वर लाकडाचा भुसा, कोरडी वाळू, भाताचा तूस किंवा कॉटन वेस्ट टाकून तेल शोषून घ्यावे. दाबावे, घासू नये. घासल्याने डाग पसरतो. भिजलेला भुसा काढून नवा टाकावा. असे दोन-तीन वेळा करावे आणि शेवटचा थर काही तास राहू द्यावा.

येथे आमच्या धंद्यातील एक गोष्ट उपयोगी पडते. जमीन ओली असेल तर ब्लीच केलेल्या कापडाच्या चिंध्या आधी पाणी पितात. कच्च्या सुताचे वेस्ट, ज्यातील नैसर्गिक मेण अजून निघालेले नसते, ते पाणी सोडून तेल धरते. मागावरचे असे वेस्ट एका पोत्यात भरून गाडीत ठेवावे. खर्च नगण्य आहे.

४. कोरडे तेल निघाल्यावरच धुवावे. कपडे धुण्याची पावडर थोड्या पाण्यात कालवून डागावर पसरावी, पंधरा-वीस मिनिटे ठेवावी आणि नायलॉनच्या किंवा काथ्याच्या ब्रशने हलक्या हाताने घासावे. फेस भुशाने किंवा कापडाने टिपून घ्यावा, गटारात सोडू नये. गरज पडल्यास पुन्हा करावे.

काय करू नये

रॉकेल, डिझेल, पेट्रोल, थिनर किंवा टर्पेंटाईन ओतू नये. लोखंड किंवा हात स्वच्छ करताना ही युक्ती चालते, म्हणून गॅरेजमधील माणसाचा हात आपोआप तिकडे जातो. डांबरावर मात्र हे औषध रोगापेक्षा वाईट ठरते. आमच्या ड्रायव्हरची चूक हीच होती. सुरुवातीलाच पाण्याचा पाईप लावू नये. तेल पाण्यावर तरंगून दूर पसरते आणि रस्त्यावर गेले तर दुचाकीस्वार घसरतो. तारेचा ब्रश मारू नये. डाग जाळण्याचा विचारही करू नये.

जागा आधीच मऊ पडली असेल तर

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, जागा कोरडी असताना किल्ली किंवा स्क्रूड्रायव्हरने दाबून पाहावे. टणक असेल व फक्त रंग बदलला असेल तर काही करण्याची गरज नाही. टोक आत जात असेल किंवा खडी निघत असेल तर तेवढा भाग काढावाच लागतो. तेलकट जागेवर नुसता डांबराचा हात फिरवल्यास तो धरत नाही, काही दिवसांत पापुद्रा निघतो. डागाच्या थोडे बाहेरून चौकोनी कापून, कडा उभ्या ठेवून, खराब भाग चांगली खडी लागेपर्यंत काढावा. जागा झाडून डांबराच्या इमल्शनचा पातळ हात द्यावा, मग गरम मिश्रण किंवा तयार कोल्ड मिक्स भरून धुमसाने नीट ठोकावे. काम कोरड्या दिवशी करावे. छोट्या पॅचला मजूर अर्ध्या दिवसात मोकळा होतो.

तेलकट भुसा कुठे टाकावा

घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांत वापरलेले ऑईल आणि तेलकट कचरा यांचा समावेश आहे. म्हणून तेलकट भुसा व चिंध्या नाल्यात, कचराकुंडीत किंवा भट्टीत टाकू नयेत. झाकणाच्या डब्यात भरून, जळत्या वस्तूपासून दूर ठेवून, जे गॅरेज आपले जुने ऑईल प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मान्यताप्राप्त व्यावसायिकाकडे देते त्यांच्याकडे द्यावा. गॅरेज चालवणाऱ्या बंधूंनी ही व्यवस्था स्वतः ठेवावी.

भरपाई कुणी द्यावी

तेल सांडल्यावर पहिला शब्द गिऱ्हाईकाला आपणच सांगावा, त्यांनी पाहण्यापूर्वी. मोबाईलवर फोटो काढून ठेवावा, काय केले ते सांगावे, आणि आठ-पंधरा दिवसांनी जागा पाहायला पुन्हा येऊ असे म्हणून खरोखर जावे. शरीअतमध्ये दुसऱ्याच्या मालाचे नुकसान नकळत झाले तरी भरपाई माफ होत नाही. हा हक्कुल इबादचा प्रश्न आहे, आणि तो हक्क ज्याचा आहे त्यानेच माफ करायचा असतो.

आम्ही पॅचचे काम स्वतः उभे राहून करून घेतले आणि पैसे आमच्या पेढीतून दिले. काही हितचिंतकांनी रक्कम ड्रायव्हरच्या पगारातून कापण्याचा सल्ला दिला. आम्हाला तो इन्साफ वाटला नाही. गळती आम्हाला माहीत होती, गाडी आम्ही पाठवली होती, आणि नुकसान लपवू नये हे आम्ही त्याला कधी शिकवले नव्हते. उलट पगार कापला जाईल या भीतीनेच माणूस गप्प बसतो. आज आमच्या ड्रायव्हरला स्पष्ट सांगितलेले आहे की सांडल्याबद्दल कुणी बोलणार नाही, लपवल्याबद्दल मात्र विचारू. गाडीत ट्रे, भुशाचे पोते आणि ब्रश कायम असतो. निघण्यापूर्वी गाडी उभी होती त्या जागेवर तो एकदा वाकून पाहतो.

चेंबरच्या नटाचा वायसर काही रुपयांचा होता. तो वेळेवर न बदलल्याने आम्हाला मजूर, मिश्रण आणि दोन फेऱ्यांचा खर्च पडला, शिवाय शरम वेगळी. ते गिऱ्हाईक आजही आमच्याकडून माल घेते, अल्‌हम्दुलिल्लाह. आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंनी आजच आपापल्या गाडीखाली एक पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवावा. सकाळी त्यावर डाग दिसला तर सीझन संपण्याची वाट पाहू नये.