सापानं कुठं गोळी घेतली होती?

मंडळी, बत्तीस शिराळ्याच्या नागाला कुणी गोळ्या देत नाही. तरी जगात ठिकठिकाणी रानातल्या सापांच्या आतड्यांत प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू सापडलेत. आले कुठून?

बघा, साप उंदीर अख्खा गिळतो, आतड्यासकट. उंदीर गटारात, उकिरड्यावर फिरतो. तिथं आपल्या नि जनावरांच्या पोटातले जिवाणू असतातच.

आता तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून शंका काढतो : दोष सगळा आपलाच का? नाही. कॅनडातल्या ३०,००० वर्षं गोठलेल्या मातीतही प्रतिकाराची जनुकं सापडली, २०११ साली. म्हणजे ही शक्ती आपल्या औषधांच्या आधीची. आपण निवड करतो. औषधानं दुबळे मरतात, चिवट उरतात आणि वाढतात.

मग ते फिरून आपल्याकडंच येतं. उसाच्या फडात नाग चावला, तर विषावर प्रतिविष आहे. पण जखम चिघळली आणि औषध लागू पडेना, तर?

कर्मसिद्धान्तात ज्याचं कर्म, त्याला फळ. इथं तसं नाही. साध्या सर्दीला कुणी उगाच घेतलेल्या गोळीचं फळ फडातल्या मजुराच्या पायाला भोगावं लागू शकतं.