माँट्रियलचे पत्र : पोराला ठेवायचे की पाठवायचे?

कॅनडात हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी, आणि माँट्रियलमध्ये तिच्यावरची भांडणे इंग्रजी व फ्रेंच अशा दोन्ही भाषांत रंगतात. १९०९ साली स्थापन झालेल्या माँट्रियल कॅनेडियन्सने स्टॅन्ली कप २४ वेळा जिंकला, पण शेवटचा १९९३ मध्ये. इतकी वर्षे ताटकळलेल्या शहरात अठरा वर्षांच्या पोराला मुख्य संघात ठेवायचे की घडायला खाली पाठवायचे, हा घरोघरचा प्रश्न होतो.

७ जुलै २०२२ रोजी याच शहरात एनएचएल या व्यावसायिक हॉकी लीगच्या संघांनी नव्या खेळाडूंची निवड केली. माँट्रियलने पहिला मान स्लोव्हाकियाच्या युराय स्लाफकोव्हस्कीला दिला. त्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याने सात सामन्यांत सात गोल केले होते. तरी पुष्कळांनी नाव धरले होते ते ओंटारियोच्या शेन राइटचे.

इथली पद्धत आपल्याकडच्यापेक्षा निराळी आहे. सोळा ते वीस वयाची मुले ज्युनियर लीगमध्ये खेळतात, अनेकदा घरापासून दूर, परक्या कुटुंबात राहून. अठराव्या वर्षी एनएचएलच्या संघाने करारबद्ध केले, तरी नऊ सामन्यांपर्यंत मुलाला परत पाठवता येते आणि त्याच्या तीन वर्षांच्या पहिल्या करारातले वर्ष खर्ची पडत नाही. दहावा सामना खेळला की वर्ष गेले. त्यामुळे नवव्या सामन्याच्या सुमारास सगळे हिशेब मांडून बसतात.

स्लाफकोव्हस्की फिनलंडच्या क्लबातून आलेला. त्याला नदीपलीकडच्या लाव्हालला, संघाच्याच दुय्यम चमूत, पाठवण्याची मोकळीक होती. माँट्रियलने त्याला स्वतःकडेच ठेवले. साठ मिनिटांच्या सामन्यात त्याच्या वाट्याला सरासरी बाराएक मिनिटे आली. ३९ सामन्यांत ४ गोल झाले आणि जानेवारी २०२३ मध्ये गुडघ्याच्या दुखापतीने हंगामच संपला. पुढच्या हंगामात मात्र त्याने २० गोल केले, आणि १ जुलै २०२४ रोजी आठ वर्षांसाठी ६ कोटी ८ लाख डॉलर्सचा करार पदरात पडला.

म्हणजे ठेवले तेच बरोबर होते? हे पटत नाही. पोरगा पुढे चमकला म्हणून आधीचा निर्णय शहाणपणाचा ठरत नाही. राइटला निवडणाऱ्या सिअ‍ॅटलने त्याला आधी ठेवून घेतले, पण बहुतेक वेळ बाहेरच बसवले. २०२२-२३ च्या हंगामात त्याला आठच सामने मिळाले. शेवटी तो ज्युनियर लीगमध्ये परतला. २०२४-२५ मध्ये त्यानेही १९ गोल केलेच. दोघांचेही जे वाया गेले, ते खेळण्याचे दिवस.

आपल्याकडच्या मैदानी हॉकीत मात्र निराळे उदाहरण आहे. पांढुर्ण्याहून रेल्वेने बैतूल ओलांडले की इटारसी येते. हॉकीपटू विवेक सागर प्रसाद त्याच परिसरातला. ध्यानचंदांचे चिरंजीव अशोककुमार यांनी त्याला अकोल्याच्या स्पर्धेत हेरले. जानेवारी २०१८ मध्ये, सतराव्या वर्षी, तो भारताच्या मुख्य संघातून खेळला. ऑक्टोबरात युवा ऑलिंपिकमध्ये कर्णधार होऊन रौप्यपदक घेऊन आला. वर्षअखेरच्या भुवनेश्वर विश्वचषकासाठी मात्र त्याची निवड झाली नाही. २०२१ मध्ये टोकियोत कांस्यपदक मिळाल्यावर काही महिन्यांतच तो ज्युनियर विश्वचषकात भारताचा कर्णधार होता. तिथे संघ चौथा आला. पण ऑलिंपिक पदकविजेत्याला ज्युनियर संघात खेळवण्यात निवडकर्त्यांना कमीपणा वाटला नाही, हे फार महत्त्वाचे. स्लाफकोव्हस्कीलाही त्या पहिल्या हिवाळ्यात लाव्हालच्या पहिल्या फळीत पोटभर खेळू द्यायला हवे होते.