संताच्या हातीं राजदंड

१६७९ सालीं शिवाजी महाराजांच्या फौजेनें जालना लुटलें, तेव्हां तेथील धनिकांनीं आपली संपत्ति सय्यद जानमहंमद या साधूच्या मठांत नेऊन ठेविली होती. परंतु मठही लुटीतून सुटला नाहीं, असें मोगल तवारिखा सांगतात. चारच वर्षांनीं गोव्यांत पोर्तुगीजांनीं अशाच एका संताचा आश्रय केला; मात्र तो निवर्तून १३१ वर्षें लोटलीं होतीं.

१६८३ च्या नोव्हेंबरांत संभाजी महाराजांनीं गोवें शहरानजीकचें जुवें बेट घेतलें. तें सोडविण्यास गेलेला विजरई कोंद द आल्व्होर पराभव पावून परतला. मग त्यानें बॉम जेझूच्या चर्चमध्यें संत फ्रान्सिस झेवियर याची शवपेटी उघडविली, आणि आपला राजदंड शवाच्या हातीं देऊन राज्य राखण्याची विनवणी केली. उजवा हात कोपरापासून १६१४ सालींच रोमकडे गेलेला. तेव्हां हा भार डाव्यानेंच पेलला असला पाहिजे!

पुढें मराठे परतले. भाविकांनीं श्रेय संतास दिलें. वास्तविक औरंगजेबाचा पुत्र शहाआलम मोठ्या सैन्यानिशीं कोंकणांत उतरत होता, आणि पाठीवर मोगल घेऊन गोव्याशीं झुंजत राहणें संभाजी महाराजांस परवडणारें नव्हतें. खुद्द विजरईनेंही लौकरच राजधानी मुरगांवास हलविण्याचा खटाटोप आरंभिला.