मावळातील दमट हवा आणि हातघडणीची गिटार

ॲकॉस्टिक गिटार, म्हणजे विजेविना केवळ लाकडी पोकळीच्या अनुनादावर घुमणारी गिटार, हौसेने घडवणाऱ्यास हत्यारांइतकेच हवामानाचेही भान ठेवावे लागते. आणि वर्षाकाठी साधारणतः 4,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या लोणावळ्यात व मावळाच्या पश्चिम पट्ट्यात तर ते अगत्याचेच ठरते.

तबली, म्हणजे तारांची कंपने हवेत पोचवणारी वरची फळी, बहुधा स्प्रूसची व जेमतेम 3 मिलिमीटर जाड असते. दमट हवेत फुगलेल्या या फळीला आतून आधारपट्ट्या चिकटवल्या, तर कोरड्या दिवसांत ती आक्रसू पाहते, परंतु आडव्या पट्ट्या तिला रोखून धरतात आणि परिणामी तिला चीर जाते. म्हणून सापेक्ष आर्द्रता 45 ते 50 टक्क्यांच्या आसपास असतानाच हे काम उरकतात.

कुशीच्या, म्हणजे गिटारच्या दोन्ही बाजूंच्या, पट्ट्यांसाठी पश्चिम घाटात वाढणाऱ्या शिसवीला जगभर मागणी आहे. सुमारे 2 मिलिमीटर जाडीची पट्टी किंचित ओलवून तापलेल्या धातूच्या नळीवर हळूहळू दाबतात व तंतू सैलावल्याचे हाताला जाणवल्यावरच तिला कमरेचा बाक देतात. पडद्यांची जागा मात्र गणिताने ठरते: तारेची लांबी 650 मिलिमीटर असल्यास तिच्या मानेकडील टोकापासून पहिला पडदा सुमारे 36.5, तर बारावा बरोबर 325 मिलिमीटरांवर येतो.

सतार व तंबोऱ्यासाठी 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या मिरजेची वाद्ये घडवण्याची परंपरा महाराष्ट्रात आहेच. गिटारकडे वळणाऱ्या मावळातील नवख्या हौशी कारागिराने लाकडाआधी आर्द्रतामापक विकत घ्यावा, हे उत्तम.