विश्लेषण : टेम्पो भरल्यावरच भाव का वाढतो? घर हलवताना ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’ कसे निवडावेत?

डोंबिवली पूर्वेतले दोन खोल्यांचे बिऱ्हाड घोडबंदर रोडला हलवायचे आहे. मोबाइलवर ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’ शोधून एखाद्या संकेतस्थळावर नंबर टाकला, की काही मिनिटांत पाच-सहा फोन येतात. सर्वांत कमी भाव सांगणाऱ्याला आगाऊ रक्कम पाठवली जाते. ठरल्या दिवशी टेम्पो येतो, माणसे येतात, सामान चढते. मग ‘सामान सांगितल्यापेक्षा जास्त निघाले’, ‘तिसऱ्या मजल्याचे वेगळे पडतील’, ‘जीएसटी त्यात धरला नव्हता’ असे सुरू होते. तोवर जुन्या घराची किल्ली मालकाच्या हाती गेलेली असते आणि फ्रीज, कपाट, देवघर, मुलांची दप्तरे टेम्पोत असतात. घासाघीस करण्याची ताकद ग्राहकाकडे उरलेली नसते. हा प्रकार टाळायचा तर टेम्पो दारात येण्याआधी काय पाहावे आणि कागदावर काय असावे?

ठाणे, कल्याण-डोंबिवलीत बिऱ्हाडे इतकी का हलतात?

भाडेकरार बहुधा ११ महिन्यांचे असतात, हे एक कारण. दुसरे कारण पुनर्विकास. ठाण्यात नौपाडा, कल्याण-डोंबिवलीत स्थानकालगतच्या जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत. तिथल्या कुटुंबाला एकदा भाड्याच्या घरात आणि काही वर्षांनी परत, असे दोनदा घर हलवावे लागते. विकासक भाड्यासोबत सामान हलवण्याची रक्कम देतो, पण करारात ती अनेकदा एकाच वेळची लिहिलेली असते. परतीचा खर्च कुणाचा, हे सही करण्यापूर्वीच विचारलेले बरे. शिवाय दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारती रिकाम्या करायला सांगतात. तेव्हा वेळ कमी असतो आणि जो मिळेल तो टेम्पो बोलावला जातो.

मागणीचेही हंगाम आहेत. महिनाअखेर, मे महिन्याची सुट्टी, गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा या दिवसांत भाव चढतात. पितृपक्षात नव्या घरात जायला बहुतेक जण नाखूश असतात. ज्यांना त्याचे काही वाटत नाही, त्यांच्यासाठी भाव पाडून मागण्याचा तोच पंधरवडा.

फोनवर बोलणारा नेमका कोण?

बऱ्याचदा तो वाहतूकदार नसतोच. तो काम मिळवतो, आपला हिस्सा ठेवतो आणि भिवंडी, कळवा किंवा शिळफाट्याकडच्या एखाद्या टेम्पोवाल्याला काम सोपवतो. दारात आलेल्या माणसांना फोनवर काय ठरले याची कल्पना नसते. ती खोटे बोलतात असे नाही; त्यांना खरोखरच दोन माणसांचे आणि एका फेरीचे पैसे सांगितलेले असतात. वादाचे मूळ इथे आहे.

कायदा मात्र दलालाला बाहेर सोडत नाही. १८६५ चा ब्रिटिशकालीन वाहतूकदार कायदा जाऊन ‘रस्तामार्गे मालवाहतूक कायदा, २००७’ आला आणि १ मार्च २०११ पासून लागू झाला. त्याच्या व्याख्येत माल गोळा करणारा, साठवणारा, पुढे पाठवणारा, बुकिंग करणारा, कंत्राटदार, एजंट आणि दलाल हे सगळे ‘वाहतूकदार’ ठरतात. असा व्यवसाय करणाऱ्याने परिवहन प्राधिकरणाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. त्यामुळे फोनवर पहिला प्रश्न भावाचा नको, नोंदणी कुणाच्या नावावर आहे आणि पावती कुणाच्या नावाने मिळणार, हा हवा. ‘ते नंतर बघू’ असे उत्तर आले, तर दुसरा फोन लावावा.

पत्ता तपासणेही अवघड नाही. ठाणे-कल्याणमधला पत्ता असेल तर घरातल्या कुणीतरी सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन यावे. कार्यालय म्हणून दिलेल्या जागी झेरॉक्सचे दुकान निघाले, तर बाकीची चौकशी करण्याची गरज उरत नाही. नामांकित कंपनीच्या नावात एखादे अक्षर बदलून, तसाच लोगो लावून चालणारे धंदेही पुष्कळ आहेत. म्हणून जाहिरातीतले नाव, पावतीवरचे नाव आणि ज्या खात्यात पैसे मागितले त्याचे नाव, ही तिन्ही जुळतात का ते पाहावे. व्यक्तीच्या खासगी खात्यावर आगाऊ रक्कम पाठवण्याचा आग्रह झाला, तर तिथेच थांबावे.

जीएसटी क्रमांकावरून काय कळते?

जीएसटी क्रमांक १५ अक्षर-अंकांचा असतो. महाराष्ट्रातल्या नोंदणीची सुरुवात २७ ने होते आणि पुढची दहा अक्षरे पॅन क्रमांकाची असतात. जीएसटीच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की नोंदणीकृत नाव, नोंदणीची तारीख आणि ती चालू आहे की रद्द, हे दिसते. ‘२५ वर्षांचा अनुभव’ सांगणाऱ्याचे नाव आणि पत्ता तिथल्या नोंदीशी जुळत नसेल, तर त्याचे कारण विचारता येते.

दुसऱ्या राज्यात घर नेताना काही जण ‘ई-वे बिला’चे वेगळे पैसे लावतात. वापरलेले घरगुती सामान जीएसटी नियमांत ई-वे बिलातून वगळलेले आहे. ‘जकात’ म्हणून पैसे मागणारा तर फारच मागे राहिला आहे. मुंबईतली जकातही १ जुलै २०१७ पासून बंद आहे.

‘आयबीए मान्यताप्राप्त’ ही पाटीही सर्रास दिसते. इंडियन बँक्स असोसिएशनची वाहतूकदारांची यादी मुळात बँकांसाठी आहे. वाहतूकदाराच्या पावतीवर बँकेने विश्वास ठेवावा का, हा तिचा विषय. बदली झालेल्या बँक किंवा सरकारी कंपनीतल्या कर्मचाऱ्याला खर्चाच्या परताव्यासाठी अशा वाहतूकदाराचे बिल लागू शकते. त्यावरून काचेचे कपाट नीट पोहोचेल असा निष्कर्ष काढता येत नाही.

भाव कशावर ठरावा?

सामान न पाहता सांगितलेला भाव हा भाव नव्हे. माणूस घरी यावा, निदान व्हिडीओ कॉलवर प्रत्येक खोली, पोटमाळा आणि गॅलरी दाखवावी. पोटमाळ्यावरचे सामान दाखवायचे राहते आणि नेमके तेच ‘जास्तीचे’ ठरते. ग्राहकाची चूक होते ती इथे.

या पट्ट्यात अंतरापेक्षा जिने आणि गल्ल्या महाग पडतात. फडके रोड किंवा राम मारुती रोडलगतच्या गल्लीत मोठा टेम्पो दारापर्यंत जात नाही. सामान हातावर न्यावे लागते. कल्याण-डोंबिवलीत पूर्व-पश्चिम जायला मोजकेच पूल आहेत. डोंबिवलीचा कोपर पूल सप्टेंबर २०१९ पासून दोन वर्षे बंद होता, तेव्हा समोर दिसणाऱ्या बाजूला जायलाही वळसा पडत असे. घोडबंदर रोड आणि कल्याण-शिळ रस्त्यावरच्या मेट्रोच्या कामांनी कोंडीत भर घातली. ठाणे वाहतूक पोलीस गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी घालतात आणि त्या वेळा बदलत असतात. हे सगळे वाहतूकदाराने आधी विचारले, तर त्याला काम कळते असे समजावे.

नव्या संकुलांचे नियम वेगळेच. सामान कोणत्या लिफ्टने न्यायचे, किती वाजेपर्यंत, अनामत किती, परवानगीचे पत्र लागते का, हे दोन्हीकडच्या सोसायट्यांना विचारून घ्यावे. संध्याकाळी सहानंतर सुरक्षारक्षकाने टेम्पो गेटवर अडवला, तर रात्रभराचे थांबण्याचे पैसे कुणी द्यायचे, यावरून हमखास भांडण होते.

म्हणून दरपत्रकात सामानाची यादी, मजले, लिफ्ट, वाहनाचा आकार, माणसांची संख्या, पॅकिंगचे साहित्य, पलंग-कपाट खोलणे व जोडणे, एसी काढणे, टोल, कर आणि उतरवताना कुणी वेगळी हमाली मागितली तर ती कुणाची, हे लिहिलेले असावे. व्हॉट्सअॅपवर आले तरी चालेल, पण कंपनीच्या नावाने यावे. शेवटची मोठी रक्कम सामान उतरल्यावर द्यायची, हेही त्यातच यावे.

प्रत्येक वेळी कंपनी हवीच का?

नाही. कल्याण पश्चिमेतून खडकपाड्याला एका खोलीचे सामान न्यायचे असेल, तर ओळखीचा ‘छोटा हत्ती’, दोन-तीन हमाल आणि वाण्याकडून आणलेली खोकी पुरतात. ओळखीच्या टेम्पोवाल्याला पुढच्या आठवड्यातही त्याच नाक्यावर उभे राहायचे असते. ती हमी लहान नव्हे. फक्त गाडीची नंबरप्लेट पिवळी, म्हणजे व्यावसायिक वाहनाची आहे ना, ते पाहावे.

काच, मोठा टीव्ही, पियानो, खोलून जोडायचे फर्निचर किंवा पुणे, नाशिक, बंगळूरुपर्यंतचा प्रवास असेल, तेव्हा व्यावसायिक कंपनीचे पैसे वसूल होतात. लांबच्या प्रवासात सामान एकट्याच्या गाडीने जाणार की इतरांच्या सामानासोबत, हे विचारावे. सोबत जाणार असेल, तर ते गोदामात उतरते, पुन्हा चढते आणि काही दिवस थांबते. स्वस्त भावाचे गुपित अनेकदा हेच असते.

दागिने, रोकड, घराची कागदपत्रे आणि लॅपटॉप टेम्पोत देऊच नयेत. भरलेला गॅस सिलिंडरही नाही.

विम्याच्या नावाखाली काय विकले जाते?

‘सामानाचा विमा तीन टक्के’ असे वाक्य दरपत्रकात असते. खरा विमा इर्डाकडे नोंदलेल्या विमा कंपनीचा असतो. त्यावर पॉलिसी क्रमांक, विम्याची रक्कम आणि प्रवासाचा तपशील असतो. पुष्कळदा हाती पडते ती वाहतूकदाराच्याच लेटरहेडवरची जोखमीची पावती. तीत ‘फक्त अपघात किंवा आग’ अशी अट असू शकते. ओरखडे, तुटणे, एखादे खोके गहाळ होणे त्यात येतच नाही. स्वतः भरलेल्या खोक्यांतले नुकसानही सहसा वगळलेले असते. म्हणून पैसे भरण्याआधी पॉलिसीची प्रत मागावी.

विमा नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी किती? २०११ च्या नियमांनुसार नुकसानभरपाईची मर्यादा भाड्याच्या दहा पट आहे आणि तीही ग्राहकाने जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. समजा भाडे १२ हजार रुपये आहे. दहा पट म्हणजे १ लाख २० हजार. पण माल पाठवतानाच्या कागदावर घाईत सामानाची किंमत २० हजार लिहिली, तर मर्यादा २० हजारांवर येते. ‘किंमत कमी लिहा, विमा स्वस्त पडेल’ हा सल्ला त्यामुळे महागात जातो. जास्त मूल्य जाहीर करून जादा दर दिला, तर मर्यादा वाढवून घेता येते.

पावतीवर ‘माल मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्का असतो. तो पाहून अनेक जण गप्प बसतात. अशा अटीने वाहतूकदार निष्काळजीपणाच्या जबाबदारीतून सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली नाथ ब्रदर्स प्रकरणात स्पष्ट केले. २००७ च्या कायद्यानुसार नुकसान निष्काळजीपणामुळेच झाले, हे ग्राहकाने सिद्ध करण्याचीही गरज नाही.

सामान अडवून धरले तर?

ठरलेले भाडे थकले असेल, तर वाहतूकदाराची बाजू वेगळी असते. न ठरलेल्या रकमेसाठी सामान रोखणे हा निराळा विषय आहे. वाहतूकदाराने सोपवलेल्या मालाचा अपहार करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(३) खाली सात वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेत याच गुन्ह्याचे कलम ४०७ होते. टेम्पोच्या नावाशी आकडा जुळतो, हा योगायोग.

अशा वेळी ११२ वर फोन करावा. ठाणे, कळवा, भिवंडी, कल्याण, डोंबिवली हा सारा भाग ठाणे पोलीस आयुक्तालयात येतो, त्यामुळे टेम्पो यातल्या कुठल्या भागात थांबवला यावरून तक्रार अडू नये. सामान चढण्यापूर्वी गाडीच्या नंबरप्लेटचा, चालकाच्या परवान्याचा आणि भरलेल्या खोक्यांचा फोटो काढून ठेवला, तर पोलिसांना काही दाखवता येते. आगाऊ पैसे घेऊन फोन बंद झाला असेल, तर १९३० या सायबर मदतक्रमांकावर लगेच कळवावे. जितका उशीर, तितकी ती रक्कम खात्यातून पुढे सरकते.

तुटफुटीची भरपाई मागायची, तर सुरुवात सामान उतरतानाच होते. घाईत ‘सर्व सामान सुस्थितीत मिळाले’ यावर सही होते. खोकी उघडून न पाहता सही करायची वेळ आली, तर ‘खोकी न उघडता स्वीकारली’ असे हाताने लिहावे. फुटलेल्या वस्तूची नोंद त्याच कागदावर करावी आणि फोटो घ्यावा. मग वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी. ग्राहक आयोगात तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र २००७ च्या कायद्यानुसार नुकसानीची नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत पोहोचलेली असावी लागते, अन्यथा दावाच उभा राहत नाही. नव्या घरात बस्तान बसवण्यात हे सहा महिने सहज निघून जातात.

नोटीस देऊनही दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ‘ई-जागृती’ पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात शुल्क नाही. पावतीवर ‘फक्त दिल्ली न्यायालयाच्या कक्षेत’ असे छापलेले असले, तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या आयोगात तक्रार दाखल होते. म्हणजे बंगळूरुहून डोंबिवलीत आलेल्या कुटुंबाला ठाणे जिल्हा आयोगात जाता येते.