गुलाबी पडलेलं पितळ

जुनी फायबरची शिडाची बोट विकत घ्यायला आलेला माणूस आधी शिडं पाहतो, मग डोलकाठी, मग इंजिन सुरू करून आवाज ऐकतो. केबिनमधली फळी उचलून बुडाशी वाकणारे थोडे. खरं तर पाहणीला तिथूनच सुरुवात करायला हवी. दहा मीटरच्या बोटीला पाण्याच्या रेषेखाली पाच-सहा आरपार भोकं सहज असतात. इंजिन थंड ठेवणारं पाणी एकातून आत येतं, संडासाला दोन लागतात, सिंकचं पाणी आणखी एकातून बाहेर जातं. प्रत्येक भोकात आट्यांची धातूची नळी, तिच्यावर व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हच्या निपलवर चढवलेला होज. समुद्र आणि बोटीचं पोट यांच्यामध्ये एवढाच अडसर असतो.

तो मोडला तर काय होतं, हे साध्या गणिताने काढता येतं. पाण्याखाली ६० सेंटिमीटरवरच्या ३८ मिलिमीटर व्यासाच्या भोकातून मिनिटाला दीडशे ते दोनशे लिटर पाणी आत घुसतं. बुडातलं पाणी उपसणारा पंप ताशी ४,००० लिटरचा असला, तरी मिनिटाला ६७ लिटरच काढतो. तेही नवा असताना आणि पाण्याला वर चढवायचं नसताना.

मोडण्याचं मोठं कारण म्हणजे साधं पितळ. नळ आणि व्हॉल्व्हसाठी वापरतात त्या पितळात जस्त ४० टक्क्यांच्या आसपास असतं. खाऱ्या पाण्यात ते जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. आकार तोच, जाडी तीच, आटेही शाबूत. ताकद मात्र गेलेली. सगळ्यात आधी जातं ते होज चढवायचं निपल, कारण त्याची भिंत पातळ. ओळख पटते रंगावरून. टोकदार हत्याराने खरवडल्यावर पिवळी चमक निघाली तर धातू जिवंत आहे. निस्तेज गुलाबी रंग दिसला, तर हातोडीच्या हलक्या ठोक्याने तो तुकडा बिस्किटासारखा मोडतो. अर्थात ही परीक्षा बोट जमिनीवर असतानाच करायची.

बर्मिंगहॅमच्या जॉर्ज मुंट्झने १८३२ साली साठ टक्के तांबं आणि चाळीस टक्के जस्ताच्या धातूचं पेटंट घेतलं. त्याचे पत्रे लाकडी जहाजांच्या बुडाला ठोकत. पण पत्रा झिजला की बदलायचा, हे तिथे धरलेलंच होतं. बुडातल्या व्हॉल्व्हकडे मात्र वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही. त्यात १९९४च्या आयएसओ ९०९३ या मानकाने पाच वर्षं दोष न दाखवणाऱ्या धातूला गंजरोधक म्हटलं. बोट तीस-चाळीस वर्षं वापरली जाते. तिच्या बुडातल्या सामानाला पाच वर्षांची अट मला अक्षम्य वाटते. त्यामुळे एक उलटी गोष्ट घडते. १९७०च्या दशकातल्या इंग्लिश बोटीतले ब्लेक्स कंपनीचे शंकूच्या आकाराचे ब्राँझचे व्हॉल्व्ह आजही उत्तम चालू सापडतात आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी बांधलेल्या बोटीतले पितळी व्हॉल्व्ह टाकून द्यावे लागतात.

म्हणून बदलताना गनमेटल मागावं. त्यात तांबं ८५ टक्के आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी ५ टक्के. भारतीय मानक आयएस ३१८ मध्ये ही श्रेणी एलटीबी २ नावाने आहे. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर व्हॉल्व्ह ढिगाने मिळतात, पण पॉलिश केल्यावर पितळ आणि गनमेटल यांत नजर फसते. धातूच्या चाचणीचा दाखला घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मँगनीज ब्राँझ नावाने मिळणाऱ्या धातूतही जस्त भरपूर असतं. आर्सेनिक घातलेलं, जस्त धरून ठेवणारं पितळ चालतं. स्टेनलेस स्टीलचा मोह टाळावा: साचलेल्या, प्राणवायू नसलेल्या पाण्यात ३१६ दर्जाच्या पोलादालाही फटींमधून खड्डे पडतात. काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे व्हॉल्व्ह गंजत नाहीत आणि विजेच्या गळतीची भीतीही त्यांना नाही. ही गळती भयंकर असते. बॅटरीची सुटी तार बुडातल्या पाण्यात पडली, तर चांगलं ब्राँझसुद्धा काही दिवसांत खाल्लं जातं.

लाकडी बोटीत वेगळी काळजी लागते. व्हॉल्व्ह वाचावेत म्हणून जस्ताचे ठोकळे तारेने जोडतात. ते प्रमाणाबाहेर झाले, तर ब्राँझभोवती अल्कली तयार होऊन लाकूडच मऊ पडतं. धातू चकचकीत आणि त्याच्याभोवतीची फळी भुसभुशीत, असं दिसलं की ठोकळे कमी करावेत.

देखभाल सोपी आहे. महिन्यातून एकदा प्रत्येक व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून पूर्ण उघडावा. न फिरवलेला व्हॉल्व्ह क्षारांनी आणि शंखशिंपल्यांनी धरला जातो. अडकला तर बोट पाण्यात असताना दांड्याला पाईप लावून जोर करू नये. मोडला तर तिथेच पाणी सुरू होतं. शंकूचे व्हॉल्व्ह दरवर्षी उघडून, गरज पडल्यास ग्राइंडिंग पेस्टने बसवून, ग्रीस लावावं. प्रत्येकाशेजारी त्याच्या मापाची मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवावी.

बदलायचा हंगाम आपल्याकडे आयता मिळतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, मच्छीमार बोटी ओढून घेतात आणि खासगी बोटीही बाहेर येतात. नुसता व्हॉल्व्ह बदलून जुनी नळी ठेवणं ही खोटी काटकसर. दोन्ही एकाच वयाची असतात. ग्राइंडरने बाहेरचा फ्लँज कापला की नळी आत ढकलता येते. फायबरच्या दोन थरांत बाल्साचं लाकूड भरलेलं असेल, तर भोकाभोवतीचं लाकूड खरवडून तिथे घट्ट इपॉक्सी भरावं. आतून जाड फायबरची किंवा मरीन प्लायची पाठफळी चिकटवावी. आटे मात्र नीट तपासावेत, कारण नळीचे आटे सरळ आणि व्हॉल्व्हचे निमुळते असले, तर दोन-तीन फेऱ्यांतच ते आवळल्यासारखे वाटतात आणि सगळा भार तेवढ्या आट्यांवर येतो. अमेरिकेच्या एबीवायसी मानकानुसार बसवलेल्या व्हॉल्व्हने आडवा ५०० पौंडांचा, म्हणजे सुमारे २२७ किलोंचा, भार ३० सेकंद पेलला पाहिजे. जड माणूस चुकून पाय देऊन उभा राहिला, तरी तो टिकेल असा.

वापरात नसलेली भोकं बुजवून टाकावीत. कडा जाडीच्या बारापट लांब उताराने घासून फायबरचे थर चढवले, की बूड पुन्हा एकसंध होतं. बोट पाण्यात सोडताना क्रेनचे पट्टे लगेच काढू देऊ नयेत. आधी प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवून पाहावा, इंजिन तापेपर्यंत चालवून पुन्हा पाहावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एकदा.