तबकडीची मर्यादा, खेळाची चौकट

व्हिडिओ गेम कसा असावा, हे त्याचा दिग्दर्शक, चित्रकार आणि प्रोग्रॅमर ठरवतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो खोटा नाही. पण अपुरा आहे. १२ सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवर किती माहिती मावते आणि ती किती वेगाने वाचता येते, या दोन प्रश्नांनी गेली तीन दशके गेमचे कथानक, चित्रण, इतकेच काय, त्यातील वाटा आणि दरवाजेसुद्धा ठरवले आहेत.

काडतूस की सीडी?

या कहाणीतील निर्णायक वळण १९९६ सालचे. निन्टेन्डोने आपल्या 'निन्टेन्डो ६४' या यंत्रासाठी काडतूस, म्हणजे कार्ट्रिज, कायम ठेवले. त्यातील माहिती तत्काळ वाचता येई; मात्र ते महाग पडे आणि त्याची क्षमता ४ ते ६४ एमबी इतकीच होती. सोनीच्या 'प्लेस्टेशन'ची सीडी स्वस्त होती आणि तिच्यावर सुमारे ६५० एमबी माहिती मावत असे. तोवर निन्टेन्डोच्या यंत्रांसाठी 'फायनल फॅन्टसी' मालिका तयार करणारी 'स्क्वेअर' ही जपानी कंपनी त्यामुळेच सोनीकडे वळली. १९९७ मध्ये आलेल्या 'फायनल फॅन्टसी ७'ला चित्रफितींमुळे तीन सीडी लागल्या. काडतुसात हा पसारा मावणे अशक्यच होते.

उलट दिशेचे एक उदाहरणही प्रसिद्ध आहे. प्लेस्टेशनवर दोन सीडी व्यापणारा 'रेसिडेंट एव्हिल २' हा गेम १९९९ मध्ये ६४ एमबीच्या एका काडतुसात बसवण्यात आला. त्यासाठी चित्रफिती आणि ध्वनी कमालीचे आकसून घ्यावे लागले. चित्रे धूसर झाली, पण गेम शाबूत राहिला.

वेगाचा अडसर

जागा मिळाली, तरी वेगाचा प्रश्न उरतोच. प्लेस्टेशनची सीडी सेकंदाला सुमारे ३०० केबी वाचत असे. त्या यंत्राची २ एमबीची मुख्य स्मृती भरायलाच जवळपास सात सेकंद लागत. शिवाय माहिती तबकडीच्या निरनिराळ्या भागांत विखुरलेली असेल, तर वाचणारे लेझरचे भिंग प्रत्येक वेळी सरकवावे लागते आणि वेळ आणखी वाढतो.

या अडचणीवर दोन उपाय निघाले. पहिला खेळाडूच्या नजरेसमोरचा. 'रेसिडेंट एव्हिल'मध्ये सावकाश उघडणारे दार भय वाढवते; त्याच वेळी पुढची खोली तबकडीवरून स्मृतीत येत असते. पुढे आलेल्या अनेक गेममधील लिफ्ट, अरुंद कपारी आणि लांबलचक बोळ यांच्या मुळाशीही बऱ्याचदा हेच कारण असते. दुसरा उपाय नजरेआडचा. एकच वस्तू जेथे जेथे लागेल तेथे तेथे तिची प्रत लिहून ठेवायची, म्हणजे भिंगाची धावपळ वाचते. हार्ड डिस्कही फिरत्या तबकडीवरच चालत असल्याने ही युक्ती तेथेही रुजली. 'मार्व्हल्स स्पायडर-मॅन' (२०१८) या गेममध्ये टपालपेटीसारख्या वस्तूची माहिती हार्ड डिस्कवर ४०० वेळा लिहिलेली होती, असे 'प्लेस्टेशन ५'चे शिल्पकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मधील व्याख्यानात सांगितले. म्हणजे वेग मिळवण्यासाठी जागा उधळायची!

डीव्हीडी विरुद्ध ब्लू-रे

२००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'एक्सबॉक्स ३६०'साठी ८.५ जीबीची दुहेरी थराची डीव्हीडी स्वीकारली. प्रत्यक्ष गेमसाठी त्यातील जागा याहून कमीच मिळत असे. वर्षभराने सोनीने 'प्लेस्टेशन ३'मध्ये ५० जीबीपर्यंत क्षमता असलेली ब्लू-रे आणली. परिणामी २०१० मध्ये 'फायनल फॅन्टसी १३' प्लेस्टेशनवर एका तबकडीत, तर एक्सबॉक्सवर तीन तबकड्यांत विकला गेला. सरळ रेषेत पुढे सरकणारी कथा अशी तोडता येते. संपूर्ण शहर खुले असलेल्या गेममध्ये मात्र खेळाडू कधी कोठे जाईल, हे सांगता येत नाही. म्हणून 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' (२०१३) एक्सबॉक्स ३६०वर दोन तबकड्यांत देताना पहिली केवळ हार्ड डिस्कवर उतरवून घेण्यासाठी ठेवावी लागली.

सवय सुटता सुटत नाही

२०२० नंतरच्या यंत्रांत फिरते भाग नसलेली, अतिवेगवान एसएसडी आली आणि प्रतींची गरज सरली. सवय मात्र टिकून आहे. 'हेलडायव्हर्स २' या गेमची संगणकावरील आवृत्ती सुमारे १५४ जीबीची होती. जुन्या हार्ड डिस्क वापरणाऱ्यांसाठी त्यात माहितीच्या प्रती भरल्या होत्या. डिसेंबर २०२५ मध्ये त्या काढून टाकलेली आवृत्ती अवघ्या २३ जीबीवर आली. गेम सुरू होण्याच्या वेळात पडलेला फरक काही सेकंदांचाच होता.

ग्राहकाच्या हाती काय?

आज १०० जीबीची ब्लू-रेही काही गेमना अपुरी पडते. 'फायनल फॅन्टसी ७ रीबर्थ' (२०२४) दोन तबकड्यांत आला. २०२५ मधील 'स्विच २'साठीच्या काही कार्डांत तर गेम नसतोच. असते ती फक्त किल्ली, बाकी सारे इंटरनेटवरून उतरवून घ्यायचे. निर्मात्याची मर्यादा यामुळे सुटली, हे खरे. पण विकत घेतलेली तबकडी मित्राला देता येते, विकता येते, वीस वर्षांनी पुन्हा लावता येते. केवळ कंपनीच्या सर्व्हरवर असलेल्या गेमला ही शाश्वती नाही. निन्टेन्डोने 'थ्रीडीएस' आणि 'वी यू' या यंत्रांच्या ऑनलाइन दुकानांतील खरेदी मार्च २०२३ मध्ये बंद केली, तेव्हा केवळ तेथेच मिळणारे अनेक गेम अधिकृतपणे नव्याने विकत घेण्याची सोयच संपली.

पूर्वी तबकडी लहान होती, पण तिच्यावर असलेला गेम ग्राहकाच्या ताब्यात राहत असे. आता जागेची चणचण नाही. म्हणूनच गेम विकत घेताना वेष्टनावरील बारीक अक्षरांतला मजकूर वाचण्याची, आत गेम आहे की नुसती किल्ली, हे पाहण्याची जबाबदारी ग्राहकावर आली आहे.